व्रतवस्त्र : स्कॅप्युलरच्या उपासनेची प्रस्तावना

मनुष्य श्रद्धेने जे काही गळ्यात धारण करतो, त्याच्या हेतूच्या दृष्टीने दोन जाती पडतात : एक ताईताची आणि दुसरी माळेची. ताईत धारण करणाऱ्यापाशी काही मागत नाही. तो मंत्रून हाती आला, दोरा गळ्यात बांधला, की त्याचे काम सुरू झाले आणि धारण करणाऱ्याचे संपले. माळेचा न्याय निराळा आहे. पंढरीच्या वारकऱ्याने तुळशीची माळ गळ्यात घातली की तिच्यामागोमाग एकादशी येते, वारी येते, मद्यमांसाचा त्याग येतो, नित्याचे नामस्मरण येते; आणि हा सर्व भार वाहण्याची ज्याची तयारी नसेल त्याने माळेला हात घालू नये, असे जाणती वडीलधारी मंडळी त्याला आधीच बजावून सांगतात. कॅथलिक ख्रिस्ती समाजात शतकानुशतके गळ्यात घातल्या जाणाऱ्या स्कॅप्युलर नामक लहानशा लोकरी वस्त्राकडे पाहताना हाच भेद मनात जागा ठेवणे अवश्य आहे. कारण या वस्त्राच्या निंदकांनी ते ताईत म्हणून धिक्कारले आहे, त्याचे भोळे भक्त पुष्कळ वेळा ते ताईत म्हणूनच बाळगतात, आणि ज्या धर्मसंस्थेने ते लोकांच्या हाती दिले तिने मात्र ते व्रताची खूण म्हणूनच दिले आहे. या तिसऱ्या पक्षाची बाजू मराठी वाचकांपुढे साधार मांडावी, एवढाच या पुस्तकाचा उद्देश आहे.

ज्यांनी ही वस्तू कधी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचे वर्णन प्रथम केले पाहिजे. लोकरीच्या कापडाचे दोन लहान चौकोनी तुकडे दोन नाड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. नाड्या दोन्ही खांद्यांवरून घ्यावयाच्या, म्हणजे एक तुकडा छातीवर आणि दुसरा पाठीवर येतो. बहुधा हे वस्त्र अंगातल्या कपड्यांच्या आत राहते, त्यामुळे शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. कापडावर पवित्र मरियेचे किंवा एखाद्या संताचे चित्र शिवलेले असते. पण चित्र आवश्यक नाही, आवश्यक आहे ते कापड. प्रथम धारण करताना ते धर्मगुरूच्या हातून आशीर्वाद होऊन, विहित प्रार्थनेसह, अंगावर घातले जावे लागते. पुढे ते झिजले अथवा तुटले तर दुसरे स्वतःच घेऊन घालण्यास मुभा आहे, कारण दीक्षा त्या विशिष्ट चिंधीची नसून माणसाची झालेली असते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत याला बेंतीण आणि केरळात वेंतिंगा म्हणतात. ही दोन्ही नावे पोर्तुगीजांच्या सहवासातून आलेली आहेत, आणि ही उपासना कोणत्या वाटेने आपल्या किनाऱ्याला लागली याची साक्ष त्यांतच आहे.

मराठी भाषेला ख्रिस्ती धर्मविचार नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून या भाषेत ख्रिस्ती श्रद्धेच्या महत्त्वाच्या प्रतिपाद्यांना वाणी मिळत आली आहे. तथापि महान सिद्धान्तांची चर्चा होते आणि सामान्य माणसाच्या अंगावर रात्रंदिवस असलेली वस्तू चर्चेच्या बाहेर राहते, असे सर्वच धर्मांत घडते. पंडितांना ती क्षुल्लक वाटते आणि भाविकांना तिच्याविषयी प्रश्न पडत नाही. वसईच्या वाडीतील किंवा गोव्याच्या वाड्यावरील एखाद्या वृद्ध स्त्रीला आपल्या मृत्यूसमयी हे वस्त्र आपल्या गळ्यात असावे अशी जी तळमळ असते, तिच्या मुळाशी काय आहे, त्यातले इतिहासाच्या कसोटीवर उतरणारे किती, परंपरेने जपलेले किती आणि गैरसमजाने चिकटलेले किती, याचा नीट हिशेब मांडणे हे तिच्या श्रद्धेचा अपमान करणे नव्हे. उलट ती श्रद्धा आदराने वागवण्याचा तोच एक मार्ग आहे, असे मी मानतो.

या हिशेबाचा आरंभ एका कामकऱ्याच्या कपड्यापासून होतो. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेदिक्त यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्या पंचावन्नाव्या अध्यायात वस्त्रप्रावरणांचा तपशील आहे. अंगरखा किती, टोपीचा झगा किती, हे सांगून झाल्यावर तेथे स्कॅप्युलरचा उल्लेख येतो, आणि ते कशासाठी, तर कामासाठी, असे त्या नियमावलीत स्पष्ट नोंदलेले आहे. बेनेदिक्त यांच्या मठात प्रार्थना आणि श्रम यांना सारखीच प्रतिष्ठा होती. शेतात, मुदपाकखान्यात, गोठ्यात काम करताना अंगरखा मळू नये म्हणून खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेला हा लांब पट्टा घातला जाई. पुढे निरनिराळ्या संन्यासी संघांनी तो आपल्या वेषात घेतला, त्याचा रंग संघागणिक ठरला, आणि जे कामाचे आच्छादन होते ते संघाच्या निष्ठेचे चिन्ह झाले. खांद्यावर ठेवलेले हे वस्त्र म्हणजे ख्रिस्ताचे जू आहे, असा अर्थही त्याला देण्यात आला. चिन्हाचा अर्थ असा वाढत गेला तरी त्याचे मूळ पुसले गेले नाही. स्कॅप्युलर घालणे म्हणजे सेवेला उभे राहणे, ही कल्पना त्याच्या जन्मातच आहे, आणि या पुस्तकातील सर्व विवेचन शेवटी याच कल्पनेकडे वळते.

आज जगभर सर्वांत अधिक प्रचार ज्या स्कॅप्युलरचा आहे ते तपकिरी रंगाचे असून कार्मेल संघाचे आहे. म्हणून कार्मेलचा वृत्तांत येथे थोड्या विस्ताराने देणे प्राप्त आहे. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, हैफानजीक, कार्मेल नावाचा डोंगर आहे. जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याने बआलच्या पुजाऱ्यांना जेथे आव्हान दिले आणि दीर्घ अवर्षणानंतर समुद्रातून वर येणारा तळहाताएवढा ढग ज्याच्या माथ्यावरून दिसला, तोच हा डोंगर. क्रूसयुद्धांच्या काळात पश्चिमेकडून आलेले काही विरक्त पुरुष तेथे एलियाच्या झऱ्यापाशी गुहांतून राहू लागले, आणि १२०६ ते १२१४ यांच्या दरम्यान जेरुसलेमचे पत्रियार्क आल्बर्ट यांनी त्यांना एक संक्षिप्त नियमावली घालून दिली. त्यांनी आपल्या पर्णकुटींच्या मध्यभागी जे प्रार्थनामंदिर बांधले ते पवित्र मरियेला वाहिलेले होते, आणि स्वतःला ते मरियेचे बंधू म्हणवीत. मध्ययुगीन समाजव्यवस्थेत ज्याच्या नावाने जमीन किंवा मंदिर असे त्याच्याशी स्वामी-सेवकाचे नाते जडे. तो आश्रय देई, हे चाकरी करीत. कार्मेलच्या मरियाभक्तीला घरगुती जिव्हाळा आणि नेमस्त सेवाभाव असे जे दुहेरी स्वरूप आहे त्याचा उगम येथे आहे.

इ. स. १२३८ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील वास्तव्य धोक्याचे होऊ लागले, तेव्हा हे विरक्त लोक तुकड्यातुकड्यांनी सायप्रस, सिसिली, फ्रान्स व इंग्लंड येथे जाऊन राहिले. इंग्लंडमधील केंट परगण्यात एल्सफर्ड येथे त्यांचा मठ १२४२ साली झाला. परंतु युरोपात त्यांचे स्वागत झाले नाही. नवे संघ काढू नयेत असा निर्बंध १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने घातलेला होता. डोंगरावरच्या एकान्तासाठी रचलेली नियमावली नगरांत चालेना. आणि हे परके, पट्टेदार झगे घालणारे साधू कोण, असा प्रश्न जागोजागी विचारला जाऊ लागला. चौथे इनोसंट पोप यांनी १२४७ साली नियमावलीत फेरफार करून त्यांना नगरांत राहण्याची वाट मोकळी केली खरी, पण १२७४ च्या लियोंच्या धर्मसभेतही त्यांचे अस्तित्व तात्पुरतेच मान्य झाले, आणि पक्की मान्यता मिळण्यास १२९८ साल उजाडावे लागले. अशा अस्थिर काळात संघाचे प्रमुख असलेले इंग्रज साधू संत सायमन स्टॉक यांनी आपल्या संघाच्या रक्षणासाठी मरियेची आळवणी केली, आणि तिने प्रकट होऊन त्यांच्या हाती स्कॅप्युलर देत, जो कोणी हे धारण केलेला असताना देह ठेवील त्याला अनंतकाळच्या अग्नीचे भय नाही असे अभिवचन दिले, अशी परंपरा आहे. तारीख १६ जुलै १२५१ अशी सांगतात. सायमन स्टॉक १२६५ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथे निवर्तले. त्यांचे अवशेष १९५१ साली एल्सफर्डच्या पुनरुज्जीवित मठात आणण्यात आले.

या कथेचा ऐतिहासिक आधार कितपत भक्कम आहे, हा प्रश्न कॅथलिक विद्वानांनीच सर्वांत कठोरपणे विचारलेला आहे. या दर्शनाचा लेखी उल्लेख चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी आढळत नाही, म्हणजे मूळ प्रसंगापासून त्याचे अंतर शंभर वर्षांहून अधिक आहे. दिवस व महिना तर त्याहूनही नंतर जोडलेले आहेत. सतराव्या शतकात पॅरिसचे जाँ द लोनुवा यांनी या परंपरेवर हल्ला चढविला, तेव्हा तिच्या रक्षणासाठी बोर्दोच्या एका कार्मेली विद्वानाने १६४२ साली सायमन स्टॉक यांच्या चिटणिसाचे म्हणून एक पत्र प्रसिद्ध केले. परंतु ते पत्र अस्सल नाही, असा निर्वाळा पुढील संशोधनाने दिला आहे. विसाव्या शतकात इंग्रज जेझुइट हर्बर्ट थर्स्टन यांनी पुन्हा शंका उपस्थित केल्या, आणि कार्मेल संघाचेच बार्तोलोमे शिबेर्ता यांनी १९५० साली रोम येथे सर्व उपलब्ध दस्तऐवज एकत्र करून परंपरेच्या बाजूने जेवढे म्हणता येईल तेवढे संयमाने म्हटले. सत्यशोधनाची ही शिस्त मला या विषयातील एक मोठी जमेची बाजू वाटते. बनावट कागदाने श्रद्धेचे रक्षण होत नाही. झालेच तर तिचे नुकसान होते.

याहून नाजूक प्रकरण आहे ते शनिवारच्या सवलतीचे. बाविसावे जॉन पोप यांच्या नावाने ३ मार्च १३२२ ही तारीख असलेले एक फर्मान प्रचारात होते. हे वस्त्र धारण करणाऱ्यांना त्यांच्या मृत्यूनंतरच्या शनिवारी मरिया स्वतः शुद्धिस्थानात उतरून मुक्त करील, असा त्याचा आशय. ते फर्मान खरे नव्हे, हे आता सर्वमान्य आहे. पण लक्षात घेण्याजोगे आहे ते हे की, १६१३ साली, म्हणजे फर्मानाच्या खरेपणाचा वाद धुमसत असतानाच, रोमच्या धर्मकचेरीने हुकूम काढून या समजुतीला मर्यादा घातली : मरिया आपल्या मध्यस्थीने अशा भक्तांच्या आत्म्यांना मृत्यूनंतर, विशेषतः शनिवारी, साहाय्य करील असे भक्तिभावाने मानण्यास हरकत नाही, मात्र ती शुद्धिस्थानात उतरत आहे अशी चित्रे काढू नयेत. याशिवाय या सवलतीला अटी होत्याच : आपापल्या आश्रमधर्मानुसार शुचिता पाळणे, मरियेच्या लघुउपासनेचा नित्यपाठ, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने बुधवारी व शनिवारी मांस वर्ज्य करणे. लोकांनी अभिवचन मुखोद्गत केले आणि अटी विस्मृतीत घातल्या, हा दोष अभिवचनाचा नव्हे.

दर्शनाचा पुरावा असा तोकडा असेल तर मग उपासनेचा पाया कोणता, असे कोणी विचारील. आणि या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणाऱ्या लेखकाने हा विषय हाती न घेतलेला बरा. माझे उत्तर असे की, उपासनेचा पाया तिच्या जन्मकथेत नसून तिच्या करारात आहे. कार्मेलच्या वेषाचा एक अंश गृहस्थाने आपल्या अंगावर घेतला म्हणजे तो त्या संघाच्या परिवारात दाखल होतो, त्या संघाच्या प्रार्थनांचा व पुण्याचा वाटेकरी होतो, आणि मरियेप्रमाणे ईश्वराच्या शब्दाला होकार देऊन जगण्याचे बंधन पत्करतो. हा करार १२५१ साली एल्सफर्डला झाला की शंभर वर्षांनी मठवासीयांच्या स्मृतीत आकारला, याने त्याच्या बंधनात तिळमात्र फरक पडत नाही. कॅथलिक धर्मशास्त्रही या वस्त्राला स्नानसंस्कार किंवा ख्रिस्तप्रसाद यांच्या पंक्तीत बसवीत नाही. सात संस्कार ख्रिस्ताने स्थापिलेले म्हणून त्यांची कृपा त्या संस्कारकर्मातच आहे. स्कॅप्युलर मात्र आशीर्वादित जल किंवा आशीर्वादित मेणबत्ती यांच्या वर्गातले, म्हणजे ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने आणि धारण करणाऱ्याच्या अंतःकरणाच्या सिद्धतेने फळणारे चिन्ह आहे. सिद्धता नसेल तर उरते ते केवळ कापड. बारावे पायस पोप यांनी सातशेव्या वर्षाच्या निमित्ताने ११ फेब्रुवारी १९५० रोजी कार्मेलच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात या वस्त्राला मरियेच्या निर्मल हृदयाला केलेल्या आत्मसमर्पणाचे चिन्ह म्हटले, आणि त्याच पत्रात हेही बजावले की, आळसात व आत्मिक बेफिकिरीत राहून केवळ वस्त्राच्या बळावर तारण मिळेल असे कोणी समजू नये. इतक्या थोर स्थानावरून इतक्या गौरवाच्या प्रसंगीही हा इशारा द्यावासा वाटला, यावरून या चिन्हाचा ताईत होऊ नये याची चिंता किती खोल आहे ते समजते.

मठवासीयाच्या अंगावरचा तो लांब पट्टा गृहस्थाच्या छातीवरील दोन बोटे रुंद तुकडा कसा झाला, ही संक्रमणाची हकीकत मोठी मनोवेधक आहे. प्रापंचिक माणसाला दिवसभर शेतात, बाजारात वा नावेवर संन्याशाचा पट्टा मिरवणे शक्य नव्हते. म्हणून तो आखूड होत होत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आजच्या लघुरूपात सर्वत्र पसरला. त्याच्याभोवती बंधुसंघ उभे राहिले. सभासदांची नावे वह्यांत नोंदली जात, ते आजाऱ्यांना भेटत, मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत. व्हेनिसमधील कार्मेलच्या बंधुसंघाचे मूळ तर ज्या धर्मशील स्त्रिया मठासाठी स्कॅप्युलर शिवीत त्यांच्याशी जाऊन भिडते. त्याच संघाच्या सभागृहाच्या छतावर पुढे अठराव्या शतकात ज्याँबात्तिस्ता तिएपोलो या थोर चित्रकाराने सायमन स्टॉक यांना स्कॅप्युलर मिळत असल्याचे भव्य चित्र रंगविले. चित्र पाहणाऱ्याने त्या सुईदोऱ्याचीही आठवण ठेवावी. स्पेनच्या किनाऱ्यावरील कोळी आणि खलाशी कार्मेलच्या मातेची मूर्ती १६ जुलैला नावेतून समुद्रात मिरवतात, आणि १९०१ साली ती त्या देशाच्या आरमाराची अधिकृत संरक्षक ठरली. दक्षिण अमेरिकेत होसे दे सान मार्तिन यांनी अँडीज पर्वत ओलांडण्यापूर्वी, जानेवारी १८१७ मध्ये, आपले सैन्य तिच्या छत्राखाली ठेवून सेनापतीची काठी तिला अर्पण केली. चिली देश आजही तिला आपली राष्ट्रमाता मानतो. १६ जुलैचा तिचा सण १७२६ साली तेरावे बेनेदिक्त पोप यांनी संपूर्ण ख्रिस्तसभेला लागू केला.

तपकिरी स्कॅप्युलरच्या जोडीला इतर रंगांची जी स्कॅप्युलरे आहेत त्यांचा परिचय पुस्तकात स्वतंत्र दिला आहे. येथे त्रोटक निर्देश पुरे. पांढऱ्यावर तांबडा-निळा क्रूस असलेले स्कॅप्युलर पवित्र त्रैक्याच्या संघाचे. हा संघ ११९८ साली गुलामगिरीत सापडलेल्या बंद्यांना खंडणी भरून सोडविण्यासाठी निघाला, त्यामुळे त्याच्या वस्त्रामागे परोपकाराचा एक धगधगीत इतिहास आहे. काळे हे मरियेच्या सात दुःखांचे, फ्लॉरेन्सच्या सर्वाइट संघाचे. निळे हे तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचे, नेपल्सच्या उर्सुला बेनिंकासा यांच्या सतराव्या शतकातील दर्शनापासून चालत आलेले. तांबडे हे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे. फ्रान्समधील एका सेवाव्रती भगिनीला १८४६ साली झालेल्या दर्शनानंतर दुसऱ्याच वर्षी नववे पायस पोप यांनी त्याला संमती दिली. तपकिरी धरून ही पाच एकत्र जोडून पंचरंगी स्कॅप्युलरही वापरतात. हिरवे, जे १८४० साली पॅरिसमध्ये उगम पावले, ते एकाच तुकड्याचे असून त्याच्यामागे कोणताही बंधुसंघ नाही, म्हणून काटेकोर अर्थाने ते स्कॅप्युलर नव्हेच, भक्तिचिन्ह आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. कार्मेल संघाच्या अनवाणी शाखेचा मठ गोव्यात १६२० च्या सुमारास स्थापन झाला. या मठाने जे पुरुष घडविले त्यांत प्येर बर्थलो यांचे चरित्र तर एखाद्या अद्भुत कादंबरीसारखे आहे. फ्रान्सच्या ओंफ्लर बंदरात १६०० साली जन्मलेला हा दर्यावर्दी पोर्तुगीजांच्या सेवेत नौकानयनाचा व नकाशाशास्त्राचा मुख्य अधिकारी झाला, मानमरातब मिळवून बसला, आणि १६३४ साली ते सर्व टाकून गोव्याच्या मठात दियोनिसियो या नावाने कार्मेलचा वेष घेता झाला. १६३८ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी पोर्तुगीज वकिलातीबरोबर वाटाड्या म्हणून सुमात्रातील आचे येथे गेले असता, तेथे पूर्वी सैनिक असलेले मठबंधू रेदेम्प्तो यांच्यासह त्यांना हौतात्म्य आले; तेरावे लिओ पोप यांनी १९०० साली दोघांना धन्य म्हणून घोषित केले. पोर्तुगीज दरबाराशी न जमल्यामुळे अठराव्या शतकाच्या आरंभी या परदेशी कार्मेलींना गोवा सोडावे लागले. तरी चिंबल येथे गोमंतकीय धर्मगुरूंनीच कार्मेलच्या तृतीय शाखेचा मठ चालविला, आणि १८३५ साली गोव्यातील सर्व संघ बरखास्त होईपर्यंत तो नांदला. मुंबईत इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून तेथील चर्चांचा कारभार कार्मेलींच्या हवाली केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या कॅथलिकांचे धार्मिक पालकत्व मुख्यतः त्यांच्याकडे होते. केरळात मान्नानम येथे १८३१ साली संत कुरियाकोस एलियास चावरा व त्यांचे सहकारी यांनी जो देशी संघ उभारला, तो पुढे कार्मेलच्याच परिवारात सामील झाला. आपल्या किनाऱ्यावरची मरियाभक्ती आणि हे लहानसे वस्त्र यांचा संबंध असा सुमारे चार शतकांचा व अनेक हातांचा आहे.

उष्ण व दमट हवेत लोकरी कापड घामाने कुजते, ही आपल्याकडील माणसाची व्यावहारिक अडचण इतर उष्ण देशांतील मिशनऱ्यांनीही अनुभवली होती. दहावे पायस पोप यांनी १६ डिसेंबर १९१० च्या हुकुमान्वये विधिपूर्वक दीक्षा घेतलेल्याला कापडाऐवजी धातूचे पदक वापरण्याची मुभा दिली; एका बाजूस येशूचे पवित्र हृदय आणि दुसऱ्या बाजूस मरिया, असे त्याचे स्वरूप ठरले. तथापि पहिली दीक्षा कापडानेच घ्यावी लागते, आणि शक्य तेथे कापडच वापरावे असा या मुभेचा रोख आहे. मला तो योग्य वाटतो. धातू दागिन्याशी नाते सांगतो, कापड श्रमाशी. मळणे, झिजणे, पुन्हा शिवणे, हे सर्व कापडाच्या वाट्याला येते, आणि जो करार रोज नव्याने पाळावयाचा आहे त्याला झिजणारे वस्त्रच शोभते.

या उपासनेवर घेतले जाणारे आक्षेप मी टाळलेले नाहीत. ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला यामुळे बाध येतो, असे आमचे प्रॉटेस्टंट बंधू म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर असे की, कार्मेलची माता जे वस्त्र देते ते आपल्या पुत्राच्या सेवेचे वस्त्र आहे, आणि काना गावच्या लग्नघरी चाकरांना तिने पुत्राची आज्ञा पाळावयास सांगितले, त्यापलीकडे ती या वस्त्रधारकालाही काही सांगत नाही. कापडाच्या तुकड्यात काय आहे, असे बुद्धिवादी विचारतात. त्यांना इतकेच सांगावयाचे की, मनुष्य देहधारी असल्यामुळे त्याच्या निष्ठा देहाला जाणवतील अशा खुणा मागतात, आणि कार्मेलच्या इतिहासात अविलाची तेरेसा व क्रूसाचा योहान यांच्यासारख्या अंतर्मुख साधकांनीही हा वेष कधी अंगावेगळा केला नाही. अरूपाच्या शिखरावर पोहोचलेल्यांना जे वस्त्र जड झाले नाही ते पायथ्याशी उभे असलेल्यांना अनावश्यक कसे ठरेल ?

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात मठवासीयांच्या वेषाचा इतिहास, दुसऱ्यात कार्मेल व सायमन स्टॉक यांची परंपरा तिच्या गुणदोषांसह, तिसऱ्यात निरनिराळी स्कॅप्युलरे व त्यांची बंधने, चौथ्यात भारतातील प्रसार, आणि पाचव्यात दीक्षाविधी व धारकाचा नित्यक्रम, असा क्रम ठेवला आहे. ज्यांना वादात रस नाही त्यांनी दुसरा भाग सोडून दिला तरी चालेल. पाचवा मात्र कोणीही सोडू नये. जुनी प्रार्थनापुस्तके आणि घरोघरच्या आठवणी ज्यांनी मोकळ्या मनाने माझ्यापुढे ठेवल्या त्या सर्व वडीलधाऱ्यांचा मी ऋणी आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती धर्मगुरूंना तशीच आईबापांनाही आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलांच्या गळ्यांत ओळीने स्कॅप्युलर घालण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे; घालणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला कळत नसते, आणि वर्षभरात ते खुंटीला लागते. उपासनाविषयक रोमच्या कचेरीने २००१ साली लोकभक्तीसंबंधी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, हा विधी ऐनवेळी उरकू नये. आपण कोणत्या संघात प्रवेश करीत आहोत आणि कोणती बंधने पत्करीत आहोत याचे ज्ञान आधी काही काळ देऊन मगच दीक्षा द्यावी. ही आज्ञा आपण अमलात आणली पाहिजे. दीक्षेपूर्वी चार रविवार या मुलांसाठी काढावेत, त्यांना कार्मेलची गोष्ट सांगावी, रोजची एक प्रार्थना आणि आठवड्याचे एक सेवाकार्य प्रत्येकाने स्वतः निवडावे, आणि निवडल्यानंतरच त्याच्या खांद्यांवर ते कापड ठेवावे. अशा रीतीने दीक्षा घेतलेली दहा मुले, अर्थ न कळता वस्त्र घातलेल्या शेकड्यांपेक्षा, या उपासनेची परंपरा अधिक निष्ठेने पुढे नेतील, याविषयी मला संदेह नाही.